बीए आणि पुढची टिंबटिंबं

"तू काय केलंयस? बीए? अच्छा... म्हणजे मग..."

वाक्य इथेच संपतं. पुढची टिंबटिंबं समोरच्याच्या चेहऱ्यावर असतात. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कॉलेज रोडवर कॉफी पिताना, कुठेही. इंजिनीअर म्हटलं की लोक 'कुठे?' विचारतात. बीए म्हटलं की 'का?' विचारतात.

मी एचपीटीची बीए. विषय इतिहास. नंतर एमपीएम केलं आणि २०१४ साली अंबडच्या एका कारखान्यात एचआरला चिकटले. पहिला पगार ११ हजार, त्यातले दीड हजार स्कूटीच्या पेट्रोलला. आता त्याच खात्यात माझ्या टेबलावर रेझ्युमेंचा गठ्ठा येतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. बारावीचा रिझल्ट लागला की तुमच्यापैकी अनेकजण धाकट्या भावंडांच्या वतीने एकच प्रश्न पाठवता : आर्ट्सला स्कोप आहे का हो? यंदा तो प्रश्न थेट माझ्या मावशीच्या घरातूनच आला. म्हटलं, चला, एकदाचं सविस्तर बोलूनच टाकू.

आधी वाईट बातमी. नुसत्या बीएवर, म्हणजे तीन वर्षं परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून मिळवलेल्या बीएवर, आज जे मिळतं ते साधारण बॅक ऑफिस, टेलिकॉलिंग किंवा शोरूमचा काउंटर. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी बीएची गरजही नाही. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत 'कंटेंट रायटिंग' नावाचा एक आधार होता. इकडून-तिकडून वाचून पाचशे शब्द लिहायचे आणि पैसे घ्यायचे. ते काम आता कम्प्युटरच फुकटात करतो, त्यामुळे तो रस्ता धरून बसू नका.

चांगली बातमी अशी की आर्ट्सवाल्यांनी करायची कामं भरपूर आहेत. फक्त त्यांच्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरात 'बीए पाहिजेत' असं लिहिलेलं नसतं. बी. फार्मवाल्याला फार्मा कंपनी ठरलेली, सीएला ऑडिट ठरलेलं. आपलं काम मात्र भलत्याच नावाखाली दडून बसलेलं असतं. ते हुडकावं लागतं. सगळी डोकेदुखी तिथेच आहे.

मावशीच्या घरचीच गोष्ट घ्या. मावशी सिडकोत राहते. काका सातपूरच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढून रिटायर झालेत. त्यांच्या मुलीला बारावी सायन्सला बरे मार्क पडले, इंजिनीअरिंगचा कॅप राउंडचा फॉर्म भरून झाला, आणि मग एका संध्याकाळी बाईसाहेबांनी जाहीर केलं की मला सायकॉलॉजीत बीए करायचंय. रविवारी मला मिसळीचं आमंत्रण आलं. अशा आमंत्रणात तर्री कमी आणि अजेंडा जास्त असतो.

"तू सांग हिला काहीतरी," मावशी म्हणाली. "तुझं ऐकेल ती."

म्हणजे मी तिला सांगायचं की बीए करू नकोस. बीए झालेल्या मी! मावशीला यात काहीच वावगं दिसत नव्हतं.

काकांनी पेपर बाजूला ठेवला. "अगं, अठ्ठावीस वर्षं मी त्या कंपनीत होतो. एक बीएवाला दाखव मला तिथे."

"काका, तुमचे वेल्फेअर ऑफिसर काय शिकलेले होते?"

काका थांबले. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी याच साहेबांनी दवाखान्याचे कागद दोन दिवसांत फिरवले होते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. "ते होय? ते सोशल वर्कचं काहीतरी... एमएसडब्ल्यू."

"आणि त्याआधी?"

"बीएच असणार," काका मिशीत हसले. "बरं, पुढे बोल."

पुढे असं. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४९ होतं. ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कामगार कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक. कँटीन, विश्रांतीची जागा, तक्रारी, युनियन आणि मॅनेजमेंट यांच्यामधलं बोलणं, हे सगळं त्याच्याकडे. मालकाच्या मर्जीवर सोडलेली ही जागा नव्हे, कायद्याने भरावीच लागते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा आकडा २५० वर आणला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे अडीचशे ते पाचशे कामगारांच्या मधल्या कारखान्यांनाही आता हा माणूस लागणार. सातपूर-अंबडमध्ये राहून हे माहीत नसणं म्हणजे गोदाकाठी राहून नळाला पाणी येत नाही म्हणून रडत बसणं. लागतं काय? पदवीनंतर समाजकार्याचं किंवा कामगार कल्याणाचं शिक्षण. एमएसडब्ल्यू, एमपीएम किंवा लेबर लॉचा डिप्लोमा, त्या त्या वेळच्या नियमांत काय चालतं ते बघून घ्यायचं.

त्याच रांगेतली दुसरी जागा सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी ओलांडलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पैसे खर्च करणं सोपं वाटतं ना? पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावर जाऊन, टाकी नक्की कुठे बांधायची हे गावाशी बोलून ठरवा आणि मग सांगा. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला हे जमत नाही. तो तिथेही शिफ्टचा चार्ट काढतो. गावात कोणाचं कोणाशी पटतं, बायका मीटिंगमध्ये का बोलत नाहीत, हे ज्याला कळतं त्याने समाजशास्त्र वाचलेलं असतं. किंवा वाचायला हवं होतं.

पण काकांचा खरा प्रश्न वेगळा होता आणि तो अगदी रास्त होता. "कमाई कधी सुरू होणार?" घरात पेन्शन नावापुरती, पीएफचे पैसे एफडीत, आणि मुलगी एकच. स्कोप-बिस्कोप ठीक आहे, पण तेवीस-चोविसाव्या वर्षापर्यंत तिला कोण पोसणार, हे त्यांना आकड्यात हवं होतं. मला हे आवडलं. पालक 'लोक काय म्हणतील' असं म्हणतात तेव्हा वाद घालता येतो, पण काका वही-पेन घेऊन बसले होते.

मग आम्ही तिघांनी खरंच लिहून काढलं. सायकॉलॉजीत बीएने कोणी समुपदेशक होत नाही, हे आधी तिला ऐकवलं. तिचा चेहरा पडला, पण ते आजच ऐकलेलं बरं. बीएनंतर दोन वर्षं एमए, तेव्हा कुठे शाळेतलं किंवा एखाद्या संस्थेतलं समुपदेशनाचं दार उघडतं. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत शाळेला समुपदेशक लागतोच, त्यामुळे गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत उगवलेल्या शाळांमध्ये या जागा आहेत. पगार शाळेगणिक बदलतो, आणि काही ठिकाणी समुपदेशकालाच इंग्रजीचे तासही घ्यायला लावतात. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला कोर्स आणि तिथली नोंदणी हवी. या कोर्सेसची रचना सध्या बदलते आहे, तेव्हा फी भरण्याआधी त्या संस्थेचं नाव आरसीआयच्या यादीत आहे का ते स्वतः बघायचं. माहितीपत्रकावर भरवसा नाही ठेवायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानंतर या लोकांची गरज वाढलीय आणि माणसं कमी आहेत, पण मधल्या चाळणीत बरेच गळतात.

वहीच्या दुसऱ्या पानावर इंजिनीअरिंगच्या चार वर्षांची फी आणि बीएची फी शेजारी शेजारी लिहिली. काका त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "फरकाचे पैसे वेगळे ठेवतो. एमएला लागतील. पण सेकंड इयरपासून तुझा खर्च तू काढायचा." मुलगी लगेच हो म्हणाली. मावशी काहीच बोलली नाही, फक्त उसळीचं पातेलं जरा जोरात ठेवलं. कॅपची सीट त्या आठवड्यात सोडून दिली.

आता स्पर्धा परीक्षांकडे वळते, कारण निम्म्या बीएवाल्यांचं उत्तर 'एमपीएससी' हेच असतं. इथे एक मजा बघा. यूपीएससीत २०१७ चा टॉपर अनुदीप दुरीशेट्टी आणि २०२० चा टॉपर शुभम कुमार. दोघेही इंजिनीअर, शुभम तर आयआयटी मुंबईचा. दोघांचा वैकल्पिक विषय कोणता? मानववंशशास्त्र! आपल्याकडे ज्या विषयांना नाकं मुरडतात ते विषय आयआयटीवाले पुस्तकं विकत आणून वाचतात आणि पहिले येतात. २०२१ ची टॉपर श्रुती शर्मा मात्र इतिहासाची पदवीधर. आपली राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय रंगवण्याऐवजी मुद्देसूद लिहावं लागतं. तीन वर्षं ज्याने मनापासून निबंध आणि उत्तरं लिहिलीत त्याला हा पॅटर्न सोयीचा.

तरीही माझा सल्ला कडू आहे. अभ्यासिकेत बसायचं तर घरच्या कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहून बसा. दोन अटेम्प्ट, तीन अटेम्प्ट, जे काय ठरवाल ते. माझ्याकडे तिसाव्या वर्षी येणारे रेझ्युमे असतात, ज्यात बीएनंतर आठ वर्षं कोरी असतात. माणूस हुशार असतो, राज्यघटना पाठ असते, आणि मी त्याला कुठल्या ग्रेडमध्ये बसवू हे मला कळत नाही. त्यापेक्षा सोबत बँकेची परीक्षा द्या. पीओला कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि २०२४ च्या वेतनकरारानंतर सरकारी बँकेत स्केल वन अधिकाऱ्याचं सुरुवातीचं मूळ वेतनच ४८,४८० आहे. भत्ते वेगळे. सर्कलनिहाय भरतीत स्थानिक भाषा येणं सक्तीचं असतं, तिथे आपलं मराठी कामी येतं. हिंदीत एमए असेल आणि पदवीला इंग्रजी विषय असेल, तर बँकांत राजभाषा अधिकारी नावाची एक जागा असते, जिच्यासाठी इंजिनीअर तुमच्याशी स्पर्धाच करू शकत नाहीत. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसच्या भरतीतही राजभाषा सुपरवायझर आणि वेल्फेअर ऑफिसर अशा जागा निघालेल्या आहेत. आपण रोज त्या भिंतीवरून जातो आणि आत फक्त मशीन चालवणारे असतात असं समजतो.

माझ्या इतिहासाबद्दल न बोलता मी थांबणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

पांडवलेणी. वीकएण्डला आपण तिथे पायऱ्या चढून सेल्फी काढतो आणि खाली येऊन वडापाव खातो. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा नहपान राजाचा जावई. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण दिले. दिले म्हणजे हातात नाही दिले. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. उरलेले १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण टक्क्याने. अट अशी की मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि त्यातून भिक्षूंचा कपड्यांचा खर्च भागवायचा. वर्षाचा हिशेब केला तर १२ टक्के आणि ९ टक्के. आपल्या एफडीवाल्यांनी जरा शरमेने मान खाली घालावी! दोन ठिकाणी पैसे विभागून ठेवणं, वेगळा दर, एन्डोमेंट फंड, सगळं तिथे दगडात कोरलंय. हे एखाद्या बँकेच्या ट्रेनिंगला आलेल्या ग्रुपला तिथे उभं राहून सांगा, कोणी मोबाइल बाहेर काढणार नाही.

याचं करिअर होतं का? सरकारी पुरातत्त्व खात्यात आणि संग्रहालयांत जागा मोजक्या, भरती कधीतरी. शिवाय त्यासाठी पुरातत्त्वाची पदव्युत्तर पदवी लागते. अंजनेरीला डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांनी नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, देशातले अभ्यासक तिथे येऊन गेले, आणि नाशिकच्या कित्येक इतिहासवाल्यांनी ती पाहिलेलीही नाही. पण पर्यटनाच्या बाजूने बघितलं तर चित्र हलतंय. २००५ मध्ये सुलाने टेस्टिंग रूम उघडली तेव्हापासून मुंबईची गर्दी वाइनसाठी इथे येते. २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. या गर्दीला दुसऱ्या दिवशी सकाळी काय दाखवायचं? लेणी, सरकारवाडा, जुन्या नाशकातले वाडे. चांगली इंग्रजी, थोडी जपानी किंवा फ्रेंच, आणि खरा इतिहास सांगणारा माणूस, हे कॉम्बिनेशन अजून दुर्मीळ आहे. बाराही महिने पोट भरेल अशी खात्री मी देणार नाही. वीकएण्डचं काम म्हणून सुरुवात करा.

नाशिकला या बाबतीत दोन नमुने आधीच आहेत. कुसुमाग्रज एचपीटीतून बीए झाले, मग सिनेमासाठी लिहिलं, १९३६ च्या 'सती सुलोचना'त लक्ष्मणाची भूमिकाही केली, मग साप्ताहिकं आणि दैनिकांमध्ये संपादकी. आज याला आपण गिग इकॉनॉमी म्हणतो. वसंत कानेटकरांनी मात्र त्याच एचपीटीत प्राध्यापकी करत करत नाटकं लिहिली. महिन्याचा पगार चालू, रात्री लेखन. तुमचा स्वभाव यातल्या कोणाच्या जवळचा आहे ते बघून घ्या. एक ऑक्टोबरच्या तीस तारखेला कधीही घाबरत नाही, दुसऱ्याला पहिल्या तारखेला पगाराचा मेसेज लागतो. मी दुसऱ्या गटातली.

भूगोलवाल्यांबद्दल थोडक्यात : तुम्ही नशीबवान आहात आणि तुम्हाला ते माहीत नाही. जीआयएस शिका. क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पाणी, शेती, महापालिका, विमा, कुरिअर, सगळ्यांना नकाशा लागतो. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली, तेव्हापासून नकाशा वाचणाऱ्या माणसाला तहसील कचेरीतही भाव आहे. अर्थशास्त्रवाल्यांनी स्टॅटिस्टिक्सला घाबरणं सोडलं की त्यांचं भागतं.

आणि तुमच्यापैकी जे आधीच नोकरीत आहेत, डिप्लोमा करून शॉपफ्लोअरवर किंवा आयटीत, आणि ज्यांना आता कळलंय की आपल्याला खरं तर माणसं वाचायला आवडतात, त्यांनी गंगापूर धरणाच्या रस्त्याने एकदा जावं. १९८९ साली स्थापन झालेलं मुक्त विद्यापीठ तिथे आहे, गोवर्धनला. हो, तेच गोवर्धन, जिथल्या विणकरांकडे उषवदाताची एफडी होती! पोलीस शिपाई, गृहिणी, रात्रपाळीचे ऑपरेटर, सगळे तिथून बीए झालेत. युजीसीची मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीसाठी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही युजीसीने परवानगी दिलीय. म्हणजे रेग्युलर कॉलेजात बी.कॉम. आणि मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्र, असंही चालतं.

आता टेबलाच्या माझ्या बाजूचं. आर्ट्सवाल्यांचा रेझ्युमे मला कुठे नडतो? 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर', 'हॉबीज : वाचन', आणि खाली मार्कांचा तक्ता. अरे, पण तुम्ही काय करून दाखवलंत? इंजिनीअरकडे निदान एक प्रोजेक्ट असतो, भले तो विकत आणलेला का असेना. तुम्ही तुमच्या गल्लीतल्या पन्नास घरांचा सर्व्हे केलात, एक मुलाखत नीट लिहून काढलीत, एखाद्या छोट्या धंद्याच्या वेबसाइटचं धड मराठी करून दिलंत, तर ते पहिल्या पानावर टाका. सोबत एक्सेल शिका. गंमत नाही करत, खरंच एक्सेल शिका. मुलाखतीत मी विचारते की शंभर कामगारांपैकी चाळीस जण कँटीनमध्ये जेवत नाहीत, कारण कसं शोधाल? बहुतेक जण म्हणतात, नोटीस लावू. एकाने सांगितलं होतं, आधी चार दिवस तिथेच बसून जेवेन. तो समाजशास्त्राचा होता. त्याला घेतलं.

मागच्या महिन्यात एक रेझ्युमे आला. बीए भूगोल, सुरगाणा तालुका, मार्क साधारण. सोबत एक पान जोडलेलं होतं : तिच्या गावातल्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या विहिरींचा नकाशा, कुठली कुठल्या महिन्यात आटते ते रंगाने दाखवलेलं, आणि खाली बायका तिथवर किती चालत जातात ते मिनिटांत. एचआरमध्ये जागा नव्हती. मी ते पान आमच्या सीएसआरच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही मुलगी सोमवारी येऊ शकेल का?"